दादानं काढून नेलेला पंप

वहिनीचा फोन आला तेव्हा मी तिसरीच्या मुलांकडून पाढे म्हणून घेत होते. ‘शोभा, दादा गेलं गं तुझं,’ एवढंच ती म्हणाली आणि मग बराच वेळ फोनमधून फक्त घरातल्या माणसांचा आवाज येत राहिला. वर्ग शेजारच्या बाईंकडे सोपवून मी केडगाव चौफुल्यावर आले आणि शिरूरच्या एसटीची वाट बघत उभी राहिले. सख्खा भाऊ गेल्यावर डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. आलं नाही. पहिला विचार आला तो हा, की आता विचारायचं राहून गेलं. अकरा वर्षं एक प्रश्न मी तोंडात धरून ठेवला होता... भाऊबीजेला, मुलींच्या वाढदिवसाला, अगदी त्याच्या आजारपणात उशाशी बसलेली असतानासुद्धा. एसटी न्हावऱ्याला पोचली तरी मी रडत नव्हते. उत्तर न देता गेला म्हणून त्याच्यावर चिडले होते. आज दीड महिन्यानं हे लिहिते आहे ते त्याच्या गुणगानासाठी नाही. मी त्याच्याबद्दल काय काय मनात धरलं होतं, ते एकदा चारचौघांसमोर सांगायचं आहे.

दादाचं नाव दत्तात्रय. शिरूर ते दौंड पट्ट्यातले ट्रकवाले त्याला दत्तू पंपवाला म्हणायचे. डिझेलच्या गाडीत इंजिनाला किती डिझेल द्यायचं ते ठरवणारा एक लोखंडी पंप असतो. कंपनी त्याला एक मर्यादा घालून देते आणि त्या मर्यादेच्या स्क्रूवर तार ओवून शिशाचं सील मारते. ते सील तोडून स्क्रू थोडा फिरवला की इंजिनाला जास्त डिझेल जातं, गाडीला जोर येतो, काळा धूर सुटतो आणि इंजिन तापतं. याला ‘पंप वाढवणं’ म्हणायचे. पुण्यात नाना पेठेतल्या एका दुकानात दादा हे काम शिकला आणि नव्वदच्या सुमाराला शिरूरला परत येऊन घराच्या मागच्या खोलीत करायला लागला. या कामाला धुळीचा कण चालत नाही, म्हणून त्या खोलीच्या खिडक्यांना प्लॅस्टिक ठोकलेलं, फरशी ओल्या फडक्यानं पुसलेली, आणि सुटे केलेले भाग वहिनीच्या जेवणाच्या ताटांत डिझेलमध्ये बुडवून ठेवलेले. वहिनीनं शेवटी कानशीनं काठावर खुणा करून त्याची ताटं वेगळी काढली. तरी तिच्या पिठाला वास यायचाच.

दादा तसा अबोल, आणि संशयी. डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचे ते दिवस होते. कुणी गाडी आणली की तो आधी टाकीतलं डिझेल दोन बोटांवर चोळायचा, हुंगायचा आणि ड्रायव्हरच्या तोंडाकडं बघत विचारायचा, कुठं भरलं. उत्तरावर त्याचा विश्वास बसला, असं मी कधी पाहिलं नाही. ड्रायव्हरही त्याला तसेच. आपला नवा भाग काढून हा जुना बसवेल म्हणून दाराशी उकिडवे बसून आत टक लावायचे. एकमेकांवर नजर ठेवतच सगळा धंदा चालायचा. त्या खोलीत दादा हसायचा तो फक्त एका वेळी. इंजिनात डिझेल फवारणारा नोझल साफ करून तो तपासणीच्या हातपंपावर लावायचा आणि दांडा दाबला की डिझेलचा बारीक धुक्यासारखा फवारा उन्हात उडायचा. तो सगळीकडं सारखा उडाला की दादाचा चेहरा निवायचा.

माझे यजमान बाळासाहेब तेव्हा भीमेच्या पात्रातून वाळू काढून ट्रकनं पोचवायचे. गाडी स्वतःची, चालवायचेही स्वतःच. नदीतून वर यायला मुरूम टाकून केलेला चढ होता. भरलेली गाडी त्या चढावर कण्हायची, आणि ज्याची गाडी एका दमात वर येते त्याचं नाव व्हायचं. शिरूरचा पंपवाला सख्खा मेहुणा असून आपल्याच गाडीला जोर नाही, हे यांना लागायचं. दादा टाळत होता. मी मुद्दाम शिरूरला जाऊन त्याला सांगितलं, की परक्यांची कामं करतोस, मग यांचं आधी करून दे. हे मी केलं, एवढं इथं लिहून ठेवते. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग गाडी दोन दिवस ठेवून घेतली. न्यायला आम्ही दोघं गेलो तेव्हा त्यानं यांच्या तळहातावर तुटकं शिसं ठेवलं आणि म्हणाला, ‘हे घ्या दाजी, तुमचं सील. वरून दुसरं मारलंय, कुणाला कळायचं न्हाई.’ परत येताना पायाचा नुसता भार पडला की गाडी उसळत होती. यवतपर्यंत हे दादाचं कौतुक करत होते. त्या आठवड्यापासून वाळूचा थर गाडीच्या फाळक्याच्या, म्हणजे कडेच्या फळीच्या, वर जायला लागला.

साधारण दोन महिन्यांनी, एका दुपारी, गाडी चढाच्या मध्यावर बंद पडली. सोपान नावाचे चाळिशीतले गृहस्थ आमच्या गाडीवर भराईला असायचे. गाडी चढताना ते हातात मोठा दगड घेऊन मागून चालायचे. गाडी थांबलीच तर चाकाला लावायला. इंजिन बंद पडलं की त्या जुन्या गाडीचा पायाचा ब्रेक पुरेसा धरायचा नाही. गाडी मागं आली. सोपाननी दगड लावला, पण दगड टिकला नाही, ते चाकाखाली गेले. मी शाळेत होते. मला घरी आणलं तेव्हा हे ओट्यावर बसले होते आणि एकच वाक्य परत परत म्हणत होते, ‘मधीच पंपानं दगा दिला.’ पोलिसांनाही त्यांनी तेच सांगितलं, की मेहुण्यानं पंपात काम केलं होतं, तो अडकला.

गाडीचा पंचनामा दुसऱ्या दिवशी व्हायचा होता. त्या दिवशी उजाडताना दादा मोटरसायकलवरून नदीवर आला, पाने काढले आणि गाडीचा पंप सोडवून घेऊन गेला. नदीवरच्या माणसांनी मला येऊन सांगितलं. जो माणूस सांत्वनाला आधी घरी यायला हवा होता, तो घराच्या रस्त्यानं न येता पंप न्यायला गेला होता. पोलिसांना त्यानं सांगितलं, की काम मीच केलं होतं, भ्यालो, पंप नदीच्या डोहात टाकला. हँडब्रेक गाडी आदळल्यावर तुटला असावा असं पंचनाम्यात आलं. दौंडच्या कोर्टात केस काही वर्षं चालली. दादाला कितीदा बोलावलं याची गणती नाही. पंप नव्हता, म्हणून दोष कुणावरच नीट ठरला नाही, आणि शेवटी हे सुटले. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच वेळी दादाबद्दल माझी खात्री पटली. पुरावा ज्यानं नाहीसा केला त्याचीच चूक, यात मला शंका उरली नाही.

शिरूरला बोभाटा झाला, की दत्तूचा पंप चढावर अडकतो, माणूस मेला. ट्रक यायचे थांबले. दादानं खोलीला कुलूप लावलं आणि रांजणगावच्या एका कंपनीत देखभालीच्या खात्यात लागला. पण भाऊबीजेला तो न चुकता यायचा. मी ओवाळायची ते त्याच्या हातांकडं बघत. याच हातांनी, असं मनात यायचं. तो येणार म्हटलं की हे सकाळीच शेतावर निघून जायचे. मी समजायची, रागानं जातात, आणि मला ते बरोबरच वाटायचं. एका वर्षी ताट खाली ठेवताना मी धीर केला. ‘दादा, तो पंप...’ एवढंच तोंडातून आलं. तो म्हणाला, ‘शोभे, तो विषय या घरात काढू नगंस.’ आणि पाटावरून उठला. गुन्हेगार माणूस असाच बोलणार, असं मी धरून चालले. ‘या घरात’ हे शब्द ऐकले, पण ते त्यानं का घातले असतील हा विचार अकरा वर्षांत एकदाही केला नाही.

तेरावा झाल्यावर वहिनीनं मला मागच्या खोलीत नेलं. ज्वारीच्या कणगीमागून एक जड गाठोडं ओढून काढलं. आत तेलात भिजलेल्या धोतराच्या कापडात गुंडाळलेला पंप होता. नदीत टाकला म्हणून ज्याच्यासाठी पोलीस डोहात गळ टाकत बसले होते, तो. ‘ह्यांनी सांगितलं व्हतं, शोभाला दे म्हणून,’ वहिनी म्हणाली. मी विचारलं, हे काय आहे, मला कशाला. माझ्या मनात तेव्हाही चांगलं काही आलं नाही. मेल्यावर आपलं पाप माझ्या घरात ठेवतोय, असंच वाटलं. वहिनीनं ते ओळखलं असावं. ‘मी सांगितलं तर तुला खरं वाटायचं न्हाई,’ ती म्हणाली. ‘तूच जाऊन तपासून घे.’

सुट्टी काढून मी पुण्याला गेले, एकटी, मांडीवर ते गाठोडं घेऊन. नाना पेठेतल्या एका दुकानदारानं पंप उघडून बघितला, भिंगातून सील पाहिलं, मग यंत्रावर चढवला. काचेच्या नळ्यांत डिझेल पडत होतं, तो नोंद घेत होता. ‘बाई, ह्याला कुणी हात लावलेला नाही,’ तो म्हणाला. ‘सील कंपनीचं आहे. कंपनीनं ठरवलंय तेवढंच डिझेल देतोय. अडकण्यासारखं आत काही नाही. कुणीतरी फार जपून ठेवलाय मात्र.’ माझ्या मनात आलं, हा दादाचा जुना ओळखीचा तर नसेल, वहिनीनं आधीच फोन केला नसेल... मी पंप उचलला आणि तीन गल्ल्या सोडून दुसऱ्या दुकानात नेला, कुठून आलाय ते न सांगता. तिथंही तेच उत्तर मिळालं. त्या दुकानाबाहेरच्या बाकड्यावर मी बसले, आणि भाऊ गेल्याचं रडू मला तिथं आलं. येणारे-जाणारे बघत होते. दुकानदारानं पाण्याचा ग्लास आणून शेजारी ठेवला आणि काही न विचारता आत गेला.

परत शिरूरला गेले. या वेळी वहिनी बोलली. सुरुवातीला दादा खरोखर पंप वाढवायचा. मग त्यानं वाढवलेल्या एका गाडीचं इंजिन जळालं आणि तो ड्रायव्हर याच घराच्या अंगणात दिवसभर बसून राहिला, भांडला नाही, नुसता बसला. त्यानंतर दादानं एकही सील तोडलं नाही. ‘पण नको म्हणलं की माणूस दुसरीकडं जायचा, आन् तिथनं इंजिन जाळून यायचा,’ वहिनी म्हणाली. ‘मग ह्यांनी ही युक्ती काढली.’ नोझल साफ करायचे, फिल्टर बदलायचा आणि ॲक्सिलरेटरची सळी एक भोक पुढं लावायची. थोडा पाय ठेवला तरी गाडी उसळी मारते. एकूण जोर तेवढाच, पण पायाला जास्त वाटतो. भंगारातल्या पंपांची तुटकी सीलं त्यानं डब्यात साठवली होती, त्यातलं एकेक तो ड्रायव्हरच्या हातावर ठेवायचा. बायकोशिवाय हे कुणाला माहीत नव्हतं. सगळे खूश होते. गाड्याही शाबूत राहत होत्या.

‘मग पंप पोलिसांना दाखवायचा ना,’ मी म्हणाले. ‘सुटला असता तो.’ वहिनी म्हणाली, ‘दाखवला असता तर दाजी आत गेलं असतं. पंप चांगला निघाला म्हंजी चूक चालवणाऱ्याची. तुझ्या दोन पोरी तवा केवढ्या व्हत्या?’ आणि ती पुढं बोलली. ‘आन् हे स्वतःला सुटलेलं समजतच नव्हतं. म्हणायचं, जोर वाढवला म्हणून मी खोटं सांगितलं आन् दाजींनी माझ्या खोट्यावर वाळू भरली. दर पंधरा दिवसाला त्यो पंप काढायचं, तेल द्यायचं, परत बांधायचं. मी बोलणं सोडून दिलं व्हतं.’ मला का सांगितलं नाही, हे मी वहिनीला विचारलं नाही. त्याला माझी खात्री वाटली नसणार. मी हे पोटात ठेवलं असतं, की नवऱ्याशी भांडले असते, की त्याच्याही म्हणण्यावर संशय घेतला असता... शेवटचंच खरं असावं.

घरी आल्यावर मी पंप यांच्यासमोर ठेवला. हा काय, असं त्यांनी विचारलं नाही, तेव्हाच मला अर्धं कळलं. तपासून आणलाय, सील कंपनीचं आहे, अडकला नव्हता, एवढं मी सांगितलं. त्यांनी सीलवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, ‘मला तिथंच समजलं व्हतं. पंप बिघडल्यावर इंजिन असं बंद पडत न्हाई. वाळू जास्त व्हती. आन् हँडब्रेक धरत नव्हता.’

‘मग दादाचं नाव का घेतलंत?’

‘तोंडात आलं. आन् दुसऱ्या दिवशी त्यानंच पंप नेला. मी म्हणलं, ह्यो का घाबरतोय? म्हंजी ह्याचीच काहीतरी चूक असंल. मग मलाच ते खरं वाटाय लागलं.’ भाऊबीजेला शेतावर का जात होता, हे मी विचारलं नाही. अकरा वर्षं मी चुकीच्या माणसाकडं संशयानं बघत होते, आणि ज्याच्याकडं तसं बघायला हवं होतं त्याला रोज ताट वाढत होते.

सोपानच्या पत्नी, कमलताई, यवतला असतात. हायवेच्या कडेला भाजी विकतात. बाजारच्या दिवशी त्या लांबून दिसल्या तरी मी रस्ता बदलायची. पुढच्या रविवारी आम्ही दोघं त्यांच्याकडं गेलो. यांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. कमलताईंनी मेथीच्या जुड्या बांधायचं काम सोडलं नाही. ‘हे मला माहिती हाय,’ त्या म्हणाल्या. ‘मालकाच्या गाडीला हँडब्रेक न्हाई, हे ते घरी येऊन सांगायचं. म्हणून तर धोंडा घेऊन मागं चालायचं.’ मी विचारलं, मग तुम्ही कोर्टात, गावात, कुठंच का बोलला नाहीत. त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. ‘मला कोण विचारायला आलं व्हतं?’ नंतर त्या गिऱ्हाइकाकडं वळल्या. आम्ही थोडा वेळ उभे राहिलो आणि निघालो.

दादाच्या खोलीचं कुलूप वहिनीनं आता काढलं आहे. फरशी ती अजून ओल्या फडक्यानंच पुसते, केरसुणी लावत नाही. पंप मी तिला परत नेऊन दिला. माझ्या घरी तो ठेवायचा अधिकार मला वाटेना.

हा लेख छापायला द्यायच्या आधी मी यांच्या हातात दिला. तुमच्याबद्दल लिहिलंय, नको असेल तर फाडून टाका, असं मी म्हणाले. त्यांनी चष्मा लावून सगळी पानं वाचली, दोनदा. मग माझ्याकडून पेन मागून घेतलं. काय खोडतात म्हणून मी बघत होते. दादाबद्दलचं काही खोडतील, असंच मला वाटलं होतं. त्यांनी स्वतःचं एक वाक्य खोडलं, ‘हँडब्रेक धरत नव्हता’ हे, आणि वर बारीक अक्षरात लिहिलं: ‘हँडब्रेक घासत होता म्हणून त्याची केबल मी स्वतः महिनाभर आधी सोडवून ठेवली होती. सोपानला ते माहीत होतं.’ संपादकांना विनंती करून मी त्यांचं वाक्य वर आहे तसंच ठेवलं आहे आणि ही दुरुस्ती इथं देते आहे, म्हणजे दोन्ही राहतील.

पानं परत घेताना मी विचारलं, अजून काही बदलायचं आहे का.

चष्मा काढून त्यांनी घडी घातली. ‘आज एवढंच लिव्ह,’ ते म्हणाले.